गोधडी आणि क्विल्ट शिवण्यासाठी मोठ्या गाळ्याचे, परवडणारे शिलाई मशीन कोणते घ्यावे?

आसावरी_सांगली:

नमस्कार. मी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवून देते. आजवरचे सगळे काम सासूबाईंच्या काळ्या पायमशीनवर होत आले आहे आणि त्या मशीनबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र अलीकडे गिऱ्हाइके वरून पॅचवर्क केलेल्या आणि आत फायबर शीट घातलेल्या गोधड्या मागू लागली आहेत. एकेरी गोधडी ६० × ९० इंचांची असते, दुहेरी ९० × १०० इंचांची. कडेच्या शिलाया सहज होतात. परंतु गोधडीच्या मध्यावर आले की गुंडाळी सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामध्ये अडकते, कापड पुढे सरकत नाही, टाके लहानमोठे पडतात आणि खालच्या अस्तराला चुण्या येतात.

दुकानात चौकशी केली तेव्हा मोटरची ताकद आणि टाक्यांचे प्रकार याविषयी भरपूर सांगितले गेले. पण सुईपासून खांबापर्यंत नेमकी किती मोकळी जागा, म्हणजे गाळा, आहे, हे कोणत्याही माहितीपत्रकात सापडले नाही. माझे बजेट टेबलासह २५ हजार रुपयांपर्यंत आहे. कामाची खोली दहा बाय दहा फुटांची आहे आणि तीत कापडाचे कपाटही आहे. बहुतेक शिलाया सरळ रेषेतच असतात. क्वचित एखाद्या दुपट्याला वेलबुट्टीसारखी वळणदार शिलाई घालावीशी वाटते. अशा कामासाठी घरगुती झिगझॅग मशीन घ्यावे, कारखान्यातले मोठे मशीन घ्यावे, की आहे त्याच मशीनवर काही उपाय होऊ शकेल? ज्यांनी प्रत्यक्ष जाड गोधड्या शिवल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

विद्याधर_नागपूर:

आसावरीताई, आपण मूळ प्रश्नावर नेमके बोट ठेवले आहे. माझी पत्नी क्विल्ट शिवते आणि तिच्यासाठी मशीन पाहताना मी दुकानांत टेप घेऊनच फिरलो. आपल्याकडे उषा जनोमे, सिंगर, ब्रदर अशा नावांनी जी मध्यम किमतीची घरगुती मशीन मिळतात, त्यांचा गाळा साधारण साडेसहा इंचांच्या आसपास असतो. किंमत दीडपट केली तर टाक्यांचे प्रकार वाढतात, काज करण्याची सोय सुधारते, सुईत दोरा ओवण्याची पट्टी मिळते; गाळा मात्र जवळपास तेवढाच राहतो. जाहिरातीतील ‘हेवी ड्यूटी’ हे शब्द मोटर आणि सांगाडा यांच्याविषयी असतात, मोकळ्या जागेविषयी नव्हे. म्हणून केवळ गाळ्यासाठी या वर्गातले नवे मशीन घेऊ नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

आता दुसरा मुद्दा, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मशीनचा गाळा मोजण्यापूर्वी आपल्या गोधडीची गुंडाळी मोजावी. मध्यावरून शिलाईला सुरुवात केली की गोधडीची अर्धी रुंदी मशीनच्या हाताखाली, म्हणजे वरच्या आडव्या भागाखाली, उजवीकडे जाते. ही गुंडाळी किती जाड होईल, हे आधी काढता येते. गोधडीची अर्धी रुंदी आणि तिची दाबलेली जाडी यांचा गुणाकार करावा, त्याला १.२७ ने गुणावे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे. तोच घट्ट गुंडाळीचा व्यास. जाडी मोजण्यासाठी गोधडीच्या आठ घड्या एकावर एक ठेवून वर फळी ठेवावी, हलका दाब द्यावा, उंची मोजावी आणि आठने भागावे.

आपली एकेरी गोधडी घ्या. अर्धी रुंदी ३० इंच. नुसत्या साड्यांच्या थरांची जाडी सुमारे दोन मिलिमीटर, म्हणजे ०.०८ इंच धरली, तर गुंडाळी पावणेदोन इंचांची होते. साड्यांच्या गोधड्यांना काळे मशीन आजवर पुरले, त्याचे कारण हेच असावे. फायबर शीटमुळे जाडी पाव इंच झाली की तीच गुंडाळी ३.१ इंचांची होते आणि अर्धा इंच जाडीला जवळजवळ ४.४ इंचांची. दुहेरी गोधडीची अर्धी रुंदी ४५ इंच. अर्धा इंच जाडी धरली तर व्यास ५.३ इंचांवर जातो. शिवाय हे आकडे घट्ट गुंडाळीचे आहेत. हाताने केलेली गुंडाळी सैल असते, त्यामुळे त्यात पाव हिस्सा तरी आणखी मिळवावा.

म्हणजे साडेसहा इंचांच्या गाळ्यात चार इंचांची सैल गुंडाळी ठेवली, तर सुईच्या उजवीकडे जेमतेम अडीच इंच मोकळे उरतात. त्यात सरळ रेषा शिवता येते. वळणदार शिलाईसाठी हात फिरवायला जागा राहत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे गाळ्याची उंची. घरगुती मशीनच्या हाताखाली साधारण साडेचार इंचांची उंची असते, तेव्हा पाच इंचांची गुंडाळी तिथून मुळातच जात नाही, मग रुंदी कितीही असो. दुकानात दोन्ही मापे घ्यावीत.

नलिनीताई_कराड:

विद्याधररावांचे गणित वाचून समाधान वाटले, कारण हाताला जे वर्षानुवर्षे जाणवत आले त्याचे कारण कळले. माझी भर थोडी वेगळ्या बाजूने आहे.

आसावरी, तू वर्णन केलेल्या अडचणींपैकी निम्म्या गाळ्याच्या नाहीत. टाके लहानमोठे पडण्याचे मोठे कारण गोधडीचे लोंबणारे वजन असते. ९० इंचांची गोधडी टेबलाच्या डाव्या कडेवरून आणि मागून खाली लोंबली की ती सुईपासून कापड ओढत राहते आणि कापड पुढे सरकवणारे मशीनचे दाते कितीही चांगले असले तरी त्या ओढीपुढे ते कमी पडतात. काळ्या मशीनच्या डावीकडे आणि मागे त्याच उंचीचे टेबल किंवा फळी लाव. संपूर्ण गोधडी मशीनच्या पातळीवर पसरलेली असेल आणि सुईजवळचा हातभर भाग सैल असेल, तर निम्मा त्रास तिथेच संपेल. यामुळे गाळा वाढत नाही, हे खरे. पण आहे तो गाळा पूर्ण कामी येतो.

अस्तराला चुण्या पडतात त्या थर सरकल्यामुळे. खालचे कापड दाते पुढे नेतात, वरचे मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाखाली घासत मागे राहते आणि मधली फायबर शीट स्वतःच्या मर्जीने चालते. यावर ‘वॉकिंग फूट’ नावाचा पाय मिळतो, ज्याला स्वतःचे दाते असतात आणि तो वरचा थर खालच्या थराबरोबर पुढे नेतो. आपल्या काळ्या मशीनचा पायाचा दांडा बुटका असतो, त्यामुळे बुटक्या दांड्याचा वॉकिंग फूट मागावा. मात्र सगळे पाय सगळ्या मशीनवर नीट बसतात असे नाही, म्हणून दुकानातच बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हा पाय घेतला तरी कच्चे टाके घालण्याचा कंटाळा करू नये. मी चार बोटांच्या अंतरावर मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घालते. सेफ्टी पिना लावणेही चालते. पायाचा दाब थोडा कमी करावा, टाका तीन मिलिमीटरच्या आसपास लांब ठेवावा आणि सुई १६ नंबरची घ्यावी, जाड जोडांवर १८ ची.

वळणदार शिलाईसाठी जुन्या मशीनवर भरतकामाची प्लेट बसवतात, तीच वापरावी. दाते झाकले जातात आणि कापड हाताने हवे तसे फिरवता येते. दुपटे ३६ इंचांचे असेल तर त्याची गुंडाळी इतकी लहान असते की त्यासाठी दुसऱ्या मशीनची गरजच नाही.

मशीन_दुरुस्ती_सोलापूर:

मी सोलापुरात शिलाई मशीनची दुरुस्ती करतो. आमच्याकडे गणवेश शिवणारे कारखाने बरेच आहेत, त्यामुळे माझ्या हाताखालून जाणारी बहुतेक मशीन कारखान्यातलीच असतात. ताईंनी मोठ्या मशीनविषयी विचारले आहे, त्यासंबंधी लिहितो.

ज्याला बाजारात ‘सिंगल नीडल’ किंवा ‘पॉवर मशीन’ म्हणतात, त्या एका सुईच्या सरळ टाक्याच्या मशीनचा गाळा सुमारे दहा ते साडेदहा इंचांचा असतो. ज्युकी, जॅक किंवा अन्य कोणत्याही कंपनीचे डोके, म्हणजे टेबल-मोटर सोडून मशीनचा शिवणारा भाग, पाहिले तरी त्याचा पाट, म्हणजे खालचा सपाट भाग, साधारण ४७६ × १७८ मिलिमीटर या एकाच मापाचा असतो, कारण टेबलातला खाचा सगळीकडे तसाच कापलेला असतो. त्यामुळे कंपनी बदलली म्हणून गाळ्यात फार फरक पडत नाही. विद्याधररावांच्या हिशोबाने चार इंचांची गुंडाळी ठेवूनही सहा इंच मोकळे राहतात. घरगुती मशीनच्या तुलनेत या जागेसाठी मोजावे लागणारे पैसे खूपच कमी आहेत.

दुसरा फायदा गुडघ्याच्या पट्टीचा. दोन्ही हात गोधडीवर ठेवून गुडघ्याने पाय उचलता येतो आणि तो हाताने उचलण्यापेक्षा बराच वर जातो. ज्युकीच्या डीडीएल-८७०० या मॉडेलमध्ये हाताच्या दांडीने पाय साडेपाच मिलिमीटर उचलला जातो आणि गुडघ्याने १३ मिलिमीटर. फायबर शीटची जाड गोधडी पायाखाली सरकवताना हा फरक फार मोठा ठरतो.

घेताना तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली गोष्ट मोटरची. जुन्या क्लच मोटरी बटण दाबल्यापासून सतत फिरत राहतात, आवाज करतात आणि पायाला सवय नसेल तर मशीन एकदम धावते. सर्व्हो मोटर पायटा दाबल्यावरच फिरते आणि तिचा कमाल वेग कमी करून ठेवता येतो. कारखान्यातले मशीन मिनिटाला पाच हजार टाके घालण्याइतके वेगवान असते. गोधडीला त्याच्या पाचव्या हिश्श्याचीही गरज नाही. म्हणून सर्व्होच घ्यावी. ती घरच्या सिंगल फेज विजेवर चालते. दुसरी गोष्ट, त्याच मॉडेलची जाड कापडासाठीची आवृत्ती मागावी. तिच्या नावापुढे बहुधा ‘एच’ अक्षर असते. तिचे दाते जाड कापडासाठी बनवलेले असतात आणि टाका ५ मिलिमीटरपर्यंत लांब करता येतो. पातळ शर्टांसाठीचे मशीन फायबर शीटवर घसरते. तिसरी गोष्ट सुईची. या मशीनना डीबी × १ प्रकारची गोल दांड्याची सुई लागते. घरच्या मशीनची चपट्या दांड्याची सुई इथे चालत नाही.

आता उणिवाही सांगतो. हे मशीन फक्त सरळ टाका घालते. डोके एकट्याने उचलण्यासारखे नसते. टेबल सुमारे चार फूट लांब आणि दोन फुटांच्या जवळपास रुंद असते, ते एकदा ठेवले की सहसा हलत नाही. खाली तेलाची टाकी असते, त्यातले तेल वेळेवर बदलावे लागते. खोली दहा बाय दहाची आहे, म्हणून टेबल कुठे ठेवणार हे आधी जमिनीवर खडूने आखून पाहावे. मशीनच्या डावीकडे आणि मागे गोधडी उतरायला मोकळी जागा उरते का, हे त्यातून कळेल.

आसावरी_सांगली:

सर्वांचे मनापासून आभार. मी आज घरात मापे घेतली. काळ्या मशीनचा गाळा पावणेसात इंच भरला, हाताखालची उंची पाच इंचांना थोडी कमी. फायबर शीटच्या एकेरी गोधडीची हाताने केलेली गुंडाळी चार इंचांना थोडी वर गेली आणि दुहेरीची पाच इंचांच्याही वर. म्हणजे दुहेरी गोधडी काळ्या मशीनमधून जाणे शक्यच नव्हते आणि मी मात्र ती जोर लावून ओढत होते.

नलिनीताई, डावीकडे जेवणाचे टेबल लावून पाहिले. उंची दोन इंचांनी कमी होती, म्हणून पायांखाली लाकडी ठोकळे ठेवले. टाक्यांमध्ये लगेच फरक दिसला. मागच्या बाजूचा प्रश्न अजून आहे, कारण मशीन भिंतीला लागून आहे.

मोठ्या मशीनविषयी दोन शंका आहेत. त्यावर वळणदार शिलाई होते का? आणि नव्याऐवजी वापरलेले घेतले तर काय पाहावे?

मेधा_एडिसन:

मी न्यू जर्सीत राहते आणि इथल्या क्विल्ट मंडळात अनेक प्रकारची मशीन हाताळायला मिळाली आहेत, म्हणून लिहिते.

इथे क्विल्ट करणाऱ्यांमध्ये घरगुती आणि कारखान्याच्या मधला एक वर्ग लोकप्रिय आहे. ज्युकी टीएल-२०१०क्यू, ब्रदर पीक्यू-१५००एसएल, जनोमे एचडी ९ ही त्यातली नावे. ही मशीन फक्त सरळ टाका घालतात, गाळा साधारण साडेआठ ते नऊ इंचांचा असतो, वेग मिनिटाला दीड हजार टाक्यांच्या आसपास असतो, शिवाय ती टेबलावरून उचलून कपाटात ठेवता येतात. दाते एका बटणाने खाली जातात, त्यामुळे वळणदार शिलाई अतिशय सुखाने होते. याहून मोठा गाळा हवा असेल तर जनोमेच्या होरायझन मालिकेसारखी ११ इंच गाळ्याची संगणकीय मशीन आहेत. या सगळ्यांच्या किमती मात्र आसावरीताईंच्या बजेटच्या कितीतरी पलीकडे जातात.

परदेशातल्या नातेवाइकाकडून असे मशीन मागवण्याचा विचार कुणाच्याही मनात येईल, म्हणून सावध करते. अमेरिकेतली मशीन १२० व्होल्टची असतात. भारतातल्या २३० व्होल्टवर ती थेट जोडली तर जळतील. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागेल, तो सतत सोबत ठेवावा लागेल आणि हमीचा लाभ तिकडे मिळण्याची आशा धरू नये. सुटे भाग स्थानिक दुकानात मिळत नसतील, तर मशीनचा मोठा गाळा उपयोगाचा नाही. माझ्या मते सांगलीत बसून काम करणाऱ्या व्यक्तीने सांगली-कोल्हापुरात दुरुस्त होणारे मशीनच घ्यावे.

वळणदार शिलाईबद्दल: कारखान्याच्या सरळ टाक्याच्या मशीनवर ती अशक्य नाही, पण तिथे दाते खाली करण्याची सोय सहसा नसते. दाते काढावे लागतात आणि योग्य पाय शोधून बसवावा लागतो. एकाच मशीनवर रोज दाते काढणे-घालणे त्रासाचे आहे. तुमच्याकडे काळे मशीन आहेच. भरतकामाच्या प्लेटसह ते वळणदार शिलाईसाठी ठेवा आणि मोठे मशीन सरळ रेषांसाठी. मोठ्या गोधडीवर वेलबुट्टी हवी असेल, तर ती तुकड्यांवर आधी घालून घ्यावी आणि मग तुकडे जोडावेत.

गौरी_म्हापसा:

मेधाताईंनी शेवटी तुकड्यांचा उल्लेख केला, त्यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मी मोठे मशीन न घेता दुहेरी पांघरुणे याच पद्धतीने शिवते.

गोधडी एकसंध शिवायलाच हवी, असा काही नियम नाही. ९० इंच रुंदीची गोधडी ३० इंचांच्या तीन पट्ट्यांत विभागावी. प्रत्येक पट्टी वरचे पॅचवर्क, फायबर शीट आणि अस्तर असे तिन्ही थर घेऊन पूर्ण शिवून घ्यावी. अशा पट्टीची अर्धी रुंदी केवळ १५ इंच असते. विद्याधररावांच्या सूत्राने अर्धा इंच जाडीला गुंडाळी ३.१ इंचांचीच होते, म्हणजे दुहेरी गोधडी जुन्या मशीनच्या गाळ्यातून आरामात जाते.

खरे कौशल्य जोडणीत आहे. पट्टीच्या लांब कडांपासून एक इंच आत शिलाई थांबवावी. दोन पट्ट्यांच्या सुलट बाजू समोरासमोर येतील अशा एकमेकींवर ठेवून फक्त वरचे पॅचवर्क मशीनवर जोडावे. मग फायबर शीटच्या कडा अशा कापाव्यात की त्या एकमेकींना भिडतील, पण एकीवर एक चढणार नाहीत. चढल्या तर तिथे उंचवटा राहतो आणि तो धुतल्यावर अधिकच दिसतो. त्या कडा हाताने सैल तिरप्या टाक्यांनी जोडाव्यात. शेवटी अस्तराची एक कड दुमडून दुसरीवर ठेवावी आणि तुरपाई करावी. जोडावर पुढून एक धावदोरा घातला, तर जोड नक्षीचाच भाग वाटतो. साडीचा काठ पट्टी म्हणून मागे लावला तर तुरपाईचा त्रासही वाचतो आणि गोधडीची मागची बाजू देखणी होते.

या पद्धतीत वेळ जास्त जातो, हे मान्य. प्रत्येक जोडाची हाताची शिलाई शांतपणे करावी लागते. महिन्याला थोड्याच दुहेरी गोधड्या असतील, तर २५ हजार खर्च करण्याआधी एक गोधडी अशी शिवून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

विद्याधर_नागपूर:

गौरीताईंची पद्धत उत्तम आहे. तिला पूरक असे एक निरीक्षण लिहितो. गोधडी एकसंध शिवतानाही अडचण सर्वत्र सारखी नसते. मध्यापासून उजव्या कडेकडे सरकत गेलो की गुंडाळी लहान होत जाते. डावी बाजू शिवताना गोधडी उलटी फिरवून घ्यायची असते. मात्र गुंडाळी रुंदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लहान होते, म्हणजे सुरुवातीला फार हळू. उजवीकडची निम्मी रुंदी शिवून झाली तरी व्यास ३.१ वरून २.२ इंचांवरच येतो. म्हणून मधल्या भागात रेषा विरळ आणि सरळ ठेवाव्यात आणि दाट नक्षी कडांना घ्यावी. गाळा लहान असलेल्यांनी नक्षी आखतानाच हे लक्षात ठेवले, तर खूप ओढाताण वाचते.

फायबर शीट निवडतानाही विचार करावा. ती ग्रॅमच्या वजनावर मिळते. पातळ शीट घेतली तर गुंडाळी लहान राहते आणि महाराष्ट्रातल्या थंडीला ती पुरते. उबेसाठी गिऱ्हाइकाला जाडच हवी असेल, तर दोन पातळ शीटऐवजी शीटखाली जुन्या साडीचा एक थर द्यावा. साडीने जाडी फारशी वाढत नाही आणि गोधडीला वजन येते.

मशीन_दुरुस्ती_सोलापूर:

आसावरीताईंनी वापरलेल्या मशीनविषयी विचारले होते, त्याचे उत्तर राहिले. कारखाने मशीन बदलतात तेव्हा जुनी डोकी बाजारात येतात आणि त्यांत चांगली मिळतात, पण पारख हवी.

चाक हाताने सावकाश फिरवावे. ते कुठेही अडखळता कामा नये आणि पुढे-मागे हलवले तर सैल वाटता कामा नये. सुईचा दांडा बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावा. तो लुळा असेल तर टाका चुकणारच. मशीन मागे कलंडवून खालचे शटल उजेडात पाहावे. त्याच्या टोकावर चरे असतील तर दोरा तुटत राहील. दात्यांवरून बोट फिरवावे, धार बोथट झालेली असेल तर ते बदलण्याचा खर्च आधीच धरावा. डोक्यावर तेल दिसण्याची काचेसारखी छोटी खिडकी असते. मशीन चालू असताना तिथे तेल उडताना दिसले पाहिजे. ते दिसले नाही तर तेलाचा पंप काम करत नाही, असे मशीन घेऊच नये.

जुन्या मशीनला क्लच मोटर असेल तर सर्व्हो मोटर वेगळी विकत घेऊन बसवता येते, टेबल तेच राहते. त्याचा खर्च मिळवून एकूण रक्कम नव्याच्या जवळ जात असेल, तर नवे घेणे बरे. दुकानात जाताना स्वतःच्या गोधडीचा नमुना न्यावा: फायबर शीट, अस्तर, वर पॅचवर्कचे चार जोड एकत्र येतात असा फूटभराचा चौकोन. त्या जोडावरून मशीन थांबून-थांबून, अगदी हळू चालवून पाहावे. दुकानदार पातळ कापडाच्या चिंधीवर वेगाने शिवून दाखवतो, त्यावरून गोधडीविषयी काहीच कळत नाही. शक्य असेल तर एक पूर्ण गोधडी गुंडाळून सोबत न्यावी आणि हाताखालून घालून पाहावी.

नलिनीताई_कराड:

तेलाविषयी माझा एक प्रश्न आहे. टाकीतल्या तेलाचे डाग गोधडीवर पडत नाहीत का? गिऱ्हाइकाच्या आईच्या साड्यांची गोधडी असते. तिला डाग पडला तर भरून देता येत नाही.

मशीन_दुरुस्ती_सोलापूर:

योग्य प्रश्न आहे. तेल ठरलेल्या रेषेपेक्षा जास्त भरले किंवा सुईच्या दांड्याकडे जाणारे तेल गरजेपेक्षा जास्त सोडले, तर डाग पडतात. मेकॅनिककडून ते प्रमाण कमी करून घ्यावे. मशीन काही दिवस बंद राहिले असेल, तर आधी फडक्यावर काही वेळ चालवावे, पाय आणि पाट पुसून घ्यावा आणि मगच गोधडी लावावी. बाजारात अशा मशीनसाठी पांढरे तेल मिळते तेच वापरावे. दुसरे कोणतेही तेल घालू नये. सुईच्या दांड्याला तेल न लागणारी मॉडेलही मिळतात, पण ती महाग असतात आणि सावध काम करणाऱ्यास त्यांची गरज पडत नाही.

आसावरी_सांगली:

सर्वांचे लिखाण मी वहीत उतरवून घेतले आणि त्यानुसार दोन गोष्टी केल्या. गौरीताईंच्या पद्धतीने एक दुहेरी गोधडी तीन पट्ट्यांत शिवली. जोड सुबक आले आणि साडीच्या काठाची मागची पट्टी गिऱ्हाइकाला फार आवडली. परंतु हाताच्या शिलाईला इतका वेळ लागला की त्या दरात मागण्या पूर्ण करणे मला परवडणार नाही. ही पद्धत मी वेलबुट्टीच्या खास गोधड्यांसाठी ठेवणार आहे आणि तिचा दर वेगळा सांगणार आहे.

दुसरे म्हणजे कोल्हापुरातल्या एका दुकानात गुंडाळलेली गोधडी आणि नमुन्याचा चौकोन घेऊन गेले. एका सुईचे, जाड कापडासाठीचे, सर्व्हो मोटरचे नवे मशीन पाहिले. गाळा टेपने मोजला, तो साडेदहा इंचांना किंचित कमी भरला. दुहेरी गोधडीची गुंडाळी हाताखालून गेली, मात्र उंचीला ती जवळजवळ टेकत होती. घट्ट गुंडाळून पट्टीने बांधावी लागेल. चार जोडांच्या ठिकाणी मशीन हळू चालवले तरी अडले नाही. टेबल, मोटर आणि पोचवण्याचा खर्च धरून रक्कम बजेटमध्ये बसते, म्हणून पुढच्या आठवड्यात ते आणायचे ठरवले आहे. काळे मशीन पॅचवर्कचे तुकडे जोडण्यासाठी आणि दुपट्यांसाठी राहील. सासूबाईंचीही तीच इच्छा आहे.

एक शेवटची शंका. खोलीत आखून पाहिले तर टेबल भिंतीला लावल्यास कपाटाचे दार उघडते, पण मागे गोधडी उतरायला जागा उरत नाही. भिंतीपासून पुढे घेतले तर दार अर्धेच उघडते. अशा वेळी काय करावे?

मशीन_दुरुस्ती_सोलापूर:

ताई, टेबल भिंतीला लावू नका. मशीनच्या मागे किमान दीड ते दोन फूट मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर शिवलेली गोधडी भिंतीला थटून पुन्हा सुईकडे ढकलली जाते आणि टाके आखूड पडतात. टेबल भिंतीशी काटकोनात उभे करा, म्हणजे मशीनची उजवी, चाकाची बाजू भिंतीकडे येईल आणि डावी बाजू व मागची बाजू खोलीच्या मोकळ्या भागाकडे राहील. उजवीकडे फक्त चाक फिरवण्यापुरती आणि दोऱ्याच्या स्टँडपुरती जागा पुरते. डावीकडे तुमचे जेवणाचे टेबल ठोकळ्यांसह लावा; मोठ्या मशीनचे टेबल उंचीला कमी-जास्त करता येते, त्यामुळे दोन्ही पातळ्या जुळवता येतील. ज्या दिवशी मशीन बसवायला माणूस येईल, त्या दिवशीच त्याच्याकडून टेबलाची उंची, गुडघ्याच्या पट्टीची जागा आणि मोटरचा कमाल वेग ठरवून घ्या. वेग सुरुवातीला सर्वांत कमी ठेवायला सांगा.

गौरी_म्हापसा:

कपाटाचे दार काढून तिथे जुन्या साडीचा पडदा लावला, तर तीही अडचण राहणार नाही. माझ्या खोलीत तसेच केले आहे आणि कापड समोर दिसत असल्यामुळे रंगसंगती निवडणेही सोपे जाते.